येळवस: चंद्र नसलेल्या रात्रीचा पिकांचा सण

तेरखेड्याचं नाव निघालं की बाहेरच्या माणसाला फटाके आठवतात. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातलं, धुळे–सोलापूर महामार्गावरचं हे गाव शोभेच्या दारूच्या कारखान्यांमुळे राज्यभर माहीत झालं. त्यामुळे इथला मोठा सण दिवाळीच असणार, असं कुणीही धरून चालतो. पण मार्गशीर्ष अमावस्येच्या दुपारी गावात यावं तर दारांना कुलपं, दुकानांच्या फळ्या पडलेल्या आणि गल्ल्या ओस. सगळं गाव रानात गेलेलं असतं, कारण त्या दिवशी येळवस असते. कागदोपत्री तिला वेळ अमावस्या म्हणतात. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत या दिवशी स्थानिक सुट्टी दिली जाते. लातूरसारख्या शहराची बाजारपेठही त्या दिवशी थंड असते.

या सणाबद्दल पुण्या-मुंबईकडे फारसं ठाऊक नाही, आणि जे ठाऊक आहे त्यात बरंच गैरसमजाचं आहे.

पहिला समज अमावस्येचा. अमावस्या वाईट, तिच्यावर शुभ काही करू नये, असं मानणारी घरं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. शेतकऱ्याचं पंचांग मात्र तसं चालत नाही. मराठवाड्यात बैलपोळा श्रावणी अमावस्येला, लक्ष्मीपूजन आश्विन अमावस्येला आणि येळवस मार्गशीर्ष अमावस्येला. बैल, धन आणि उभं पीक या तिन्हींची पूजा चंद्र नसलेल्या तिथीला होते. तिथी वाईट असती, तर वर्षाचं सगळं पोट ज्या पिकावर आहे त्याची पूजा त्या दिवशी कुणी ठेवली नसती.

दुसरा समज अधिक पसरलेला आहे. येळवस म्हणजे सुगीचा सण, पीक घरात आल्याचा आनंद, असं बातम्यांतही छापून येतं. प्रत्यक्षात त्या दिवशी रब्बीचं काहीच खळ्यावर आलेलं नसतं. रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात आणि काढणी फेब्रुवारी-मार्चात होते. येळवस पडते डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात. 2022 साली ती 23 डिसेंबरला होती, पुढची 11 जानेवारी 2024 ला आली आणि त्याच वर्षी 30 डिसेंबरला पुन्हा झाली. चांद्र वर्ष 11 दिवसांनी लहान असल्यामुळे आणि 2023 मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे ही ओढाताण होते. तारीख कुठलीही असो, ज्वारी तेव्हा पोटऱ्यात असते किंवा नुकती निसवलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात. म्हणजे ही पूजा मिळालेल्या धान्याची नाही, अजून हाती न आलेल्या धान्याची आहे. काढणीआधीचे हे दिवस शेतकऱ्याला सगळ्यात धाकधुकीचे असतात. एक गारपीट झाली तरी वर्ष जातं. सणाचा सगळा जीव या धाकधुकीत आहे, आणि ‘सुगीचा सण’ म्हटलं की नेमका तोच निसटतो.

आता पांडवांकडे येऊ. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, वरचे शेंडे एकत्र बांधून कोपी करतात. आत पाच दगड मांडतात. त्यांना चुना फासतात, वर कावेची बोटं ओढतात आणि कोपीवर नवं लुगडं किंवा शाल पांघरतात. हे पाच दगड म्हणजे पाच पांडव. वनवासात पांडव या मुलखातून गेले, रानात जेवले, म्हणून आपणही रानात जेवायचं, अशी गोष्ट सांगितली जाते. तेव्हा येळवस महाभारतातून आली, असा अनेकांचा पक्का समज आहे. व्यासांच्या महाभारतात मात्र असा काही प्रसंग नाही. शिवाय काही घरांत त्याच पाच दगडांना लक्ष्मी म्हणतात, आणि पूजा तीच असते.

पांडवांना असं बोलावून आणण्याची महाराष्ट्राला सवयच आहे. नाशिकची पांडवलेणी ही बौद्ध लेणी आहेत. तिथल्या भिंतींवर सातवाहन आणि क्षत्रपांचे शिलालेख आहेत आणि पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. जे फार जुनं आहे, कुणी केलं ते आठवत नाही, त्याला लोक पांडवांचं नाव देतात. म्हणून ती गोष्ट खोटी म्हणून टाकून द्यावी असं मुळीच नाही. राज्य गेलेली, रानोमाळ हिंडणारी पाच माणसं कोरडवाहू शेतकऱ्याला आपली वाटली, हे समजण्यासारखं आहे. एवढंच, की गोष्टीतून सण निघालेला नाही. सणाला गोष्ट नंतर येऊन बसली.

सण आणि गोष्ट अशी मागाहून जोडली जाणं फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. चीनमध्ये आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला शरदाचा मोठा सण असतो आणि तो चांद्रदेवी छांग-अ हिच्यामुळे सुरू झाला असं तिकडे घरोघरी सांगतात. तिच्या नवऱ्याने, होउ यीने, दहांपैकी नऊ सूर्य बाणाने पाडले, तिने अमृत घेतलं आणि ती चंद्रावर गेली. ही कथा इ.स.पू. 139 च्या सुमाराच्या ‘हुआयनानझ’ या ग्रंथात आहे, आणि तिथे तिने अमृत चोरलेलं आहे. नवऱ्याच्या विरहातली साध्वी ती पुढच्या काळातल्या कथनांत झाली. पौर्णिमेचा सण मात्र थांग आणि सोंग राजवटींत, म्हणजे कथेनंतर जवळपास हजार वर्षांनी रुजला. चंद्राच्या आकाराच्या गोड वड्यांत चिठ्ठ्या दडवून मंगोलांविरुद्ध उठावाचा निरोप फिरवला आणि 1368 मध्ये मिंग राजवट आली, ही गोष्टही तिथे फार आवडीने सांगितली जाते. तिला त्या काळच्या लिखाणात आधार नाही.

याच सणाला आपल्याकडे काही जण ‘चिनी कोजागरी’ म्हणतात. 2025 मध्ये दोन्ही 6 ऑक्टोबरला आले, त्यामुळे ते पटलंही. पण 2024 मध्ये चीनचा सण 17 सप्टेंबरला होता, त्या दिवशी आपल्याकडे गणपती विसर्जन चाललं होतं. दोन्ही पंचांगांचे अधिक महिने वेगवेगळे पडतात, म्हणून मेळ कधी बसतो, कधी नाही.

पुन्हा कोपीजवळ. दगडांना लावलेल्या त्या चुन्याचंही या भागात मोठं प्रस्थ आहे. जवळच येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत लाखो भाविक काळ्या रानातून चुनखडीचे खडे वेचतात. एवढे लोक वेचूनही खडे संपत नाहीत, ही देवीची करणी मानली जाते. भूगर्भशास्त्र सांगतं ते असं: बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीत, कमी पावसाच्या मुलखात, जमिनीत मुरलेलं पाणी उडून जातं आणि विरघळलेला चुना गोळ्यांच्या रूपाने मागे राहतो. नांगरट झाली की ते खडे वर येतात.

येळवस फक्त मराठवाड्याची, हाही समज खरा नाही. बिदर, कलबुर्गी, विजयपूर या भागांत त्याच तिथीला एळ्ळ अमावस्या असते आणि रानात अन्न शिंपडण्याच्या रीतीला तिथे ‘चरगा’ म्हणतात. धाराशिव, बिदर आणि कलबुर्गी (तेव्हाचं गुलबर्गा) 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्यं वेगळी झाली, पण तेरखेड्याच्या रानात आंबील शिंपडत शेताला फेरी घालताना जो ‘ओलगे’चा पुकारा होतो, त्याचा सूर आजही कानडी आहे.

आंबील म्हटलं की काहींना ती नशेची वाटते. ती ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली, लसूण-जिऱ्याची, आंबट आणि थंड असते. आदल्या दिवशी करून मातीच्या बिंदगीत ठेवतात आणि ती डोक्यावर घेऊन रानात नेतात. भज्जी म्हणजेही तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात असं जे रानात हिरवं असेल ते शिजवून, बेसन लावून केलेली ती दाट भाजी. सोबत बाजरीचे उंडे, आंबट भात, खीर आणि शेंगदाण्याची पोळी. ज्याला शेत नाही त्याला आग्रहाने बोलावतात, आणि हे आमंत्रण नाकारलेलं लोकांना खरोखर लागतं.

रानात मातीच्या बोळक्यात दूध तापवतात आणि ते ज्या दिशेने उतू जाईल त्यावरून पुढच्या पावसाचा अंदाज बांधतात. दूध कुठे सांडेल ते चुलीचा जाळ, वारा आणि बोळक्याचा कल ठरवतो. मोसमी पाऊस सहा महिने पुढे असतो. हे जुन्या माणसांना ठाऊक नसतं असं नाही, तरी बोळकं ठेवताना सगळे चुलीभोवती गोळा होतात.

संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवतात आणि लोक घराकडे वळतात. गेल्या काही दशकांत या पट्ट्यात सोयाबीन वाढलं आणि ज्वारीचं क्षेत्र घटलं. सोयाबीनच्या भुसाची कोपी होत नाही. ज्याच्या रानात जोंधळा नाही, तो शेजाऱ्याकडून पाच पेंढ्या मागून आणतो आणि हरभऱ्याच्या रानात कोपी उभी करतो.