घोड्यांचा कुशिंग आजार : आयुष्यभराच्या औषधाचा खर्च कसा आवरावा?

रायपूर : लग्नसराईत वरातीसाठी सजवलेली घोडी किंवा तट्टू हे दृश्य रायपूरच्या ब्राह्मणपारा परिसरातील रहिवाशांना नवे नाही. वर घोडीवर बसल्यानंतर तिला चण्याची डाळ भरवण्याची प्रथा अनेक कुटुंबांत पाळली जाते. कौतुकाने गूळही पुढे केला जातो. मात्र जनावर पंधरा वर्षांपुढचे असेल आणि ऐन उन्हाळ्यातही त्याच्या अंगावरचे लांब केस झडत नसतील, तर हा गूळ त्याच्या खुरांवर बेतू शकतो. अशा जनावराला कुशिंग आजार असण्याची शक्यता असते. हा आजार बरा होत नाही, तो औषधाने आटोक्यात ठेवावा लागतो. साहजिकच, हे औषध वर्षानुवर्षे कसे परवडणार, हा प्रश्न मालकासमोर उभा राहतो.

आजार नेमका कोणता?

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर डोपामिन या द्रव्याचा अंकुश असतो. वाढत्या वयात डोपामिन पुरवणाऱ्या मज्जापेशी झिजतात. अंकुश सुटल्याने ग्रंथीचा मधला भाग वाढतो आणि एसीटीएच व इतर संप्रेरके प्रमाणाबाहेर स्रवू लागतात. लांब, कुरळे केस, पाठीवरचे मांस झडणे, पोट सुटणे, वारंवार तहान व लघवी आणि सतत होणारा जंतुसंसर्ग ही त्याची लक्षणे होत. खुरांच्या आतील भागाचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस, हा सर्वांत गंभीर परिणाम असून त्यामुळे जनावराला उभे राहणेही असह्य होते.

हा आजार दुर्मीळ नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पंधरा वर्षे व त्यापुढील घोड्यांपैकी सुमारे २१ टक्के घोड्यांना तो आढळला. तट्टांमध्ये त्याचे प्रमाण अधिक असल्याचे मानले जाते.

औषध महाग का?

यावरील प्रमुख औषध पर्गोलाइड. ते मूळचे माणसांच्या कंपवातावरचे. हृदयाच्या झडपांवर दुष्परिणाम होत असल्याचे दिसल्याने २००७ मध्ये अमेरिकेत माणसांसाठी त्याची विक्री थांबली. घोड्यांसाठीच्या गोळीला तेथे २०११ मध्ये मान्यता मिळाली. गोळीचा ग्राहक अशा रीतीने घोड्यापुरता उरला आणि भारतात घोड्यांची संख्याच घटत आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख होते. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५.६ टक्के होती. एवढ्या लहान बाजारपेठेत औषध स्वस्त व सुलभ होणे कठीण असते. त्यामुळे उपचार ठरवण्यापूर्वीच औषधाची उपलब्धता आणि सलग पुरवठा याबाबत पशुवैद्यकाशी बोलून घ्यावे.

मात्रेचा हिशेब

सुरुवातीची मात्रा साधारणपणे दर किलो वजनामागे रोज २ मायक्रोग्रॅम असते. वजनकाटा नसल्यास फीत वापरता येते. छातीचा घेर व शरीराची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८७७ असे सूत्र मांडतात. घेर १४५ आणि लांबी १३५ असल्यास वजन सुमारे २३९ किलो येते. अशा तट्टाला एक मिलिग्रॅमची अर्धी गोळी पुरते, म्हणजे वर्षाला सुमारे १८३ गोळ्या. एका गोळीची किंमत शंभर रुपये आहे असे केवळ उदाहरणादाखल धरल्यास वर्षाचा खर्च १८,३०० रुपये होतो. घोडा म्हणून सरसकट एक गोळी दिली, तर हाच खर्च दुप्पट होईल.

चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून मात्रा ठरवली जाते. तपासणीचे पैसे वाचवून अंदाजाने गोळ्या वाढवणे शेवटी महागात पडते. सुरुवातीला जनावराची भूक मंदावल्यास औषध परस्पर बंद करू नये. पशुवैद्यक मात्रा कमी करून ती हळूहळू वाढवू शकतात. गोळीची पूड करू नये. गर्भवती स्त्रियांनी ती हाताळू नये.

खोटी बचत कोणती?

पर्गोलाइड पाण्यात कालवून तयार केलेले द्रव औषध स्वस्त वाटते. मात्र उष्णता व प्रकाशाने त्याची शक्ती लवकर घटते. पारा ४० अंशांपुढे जाणाऱ्या रायपूरच्या उन्हाळ्यात हा धोका अधिकच. निर्गुंडीच्या कुळातील एका परदेशी झुडपाचा अर्कही पर्याय म्हणून सुचवला जातो, परंतु अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ त्यावर आजार आटोक्यात आला नाही. सिप्रोहेप्टाडीन हे जुने औषध पर्गोलाइडपेक्षा कमी परिणामकारक ठरले आहे. माणसांसाठीची कॅबर्गोलीनची गोळी स्वतःच्या मनाने देणेही टाळावे.

खरी बचत रोजच्या निगेत आहे. गूळ, धान्य व गोड खुराक बंद ठेवावा. गवत अर्धा ते एक तास पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून दिल्यास त्यातील साखर काही प्रमाणात कमी होते. उन्हाळ्यापूर्वी अंगावरचे केस कातरावेत. नालबंदाकडून खुरे नियमित साळून घ्यावीत. दात व जंत यांची तपासणी वेळेवर करावी. लॅमिनायटिसचा एक झटका टळला, तरी औषधावरचा मोठा खर्च आणि जनावराचे हाल दोन्ही वाचतात.

रायपुरातून कोठे जावे?

दुर्गजवळ अंजोरा येथे कामधेनू विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपुरातही पशुवैद्यकीय महाविद्यालय असून घोड्यांवरील संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र हरियाणातील हिसार येथे आहे. एसीटीएचसाठीचे रक्त लगेच थंड करून वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवावे लागते. त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करणे श्रेयस्कर. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून शरदापर्यंत हे संप्रेरक निरोगी घोड्यातही वाढते, म्हणून अहवालाचा अर्थ ऋतुमानानुसार लावावा लागतो.

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पशुऔषधी योजनेसाठी ७५ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. या योजनेतून नित्याची जेनेरिक औषधे स्वस्तात मिळाली, तर तेथे वाचलेला पैसा पर्गोलाइडसाठी वळवता येईल.

एवढे करूनही खर्च झेपत नसेल, तर ते पशुवैद्यकाला स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही. काम थांबवून, आहार व खुरांची निगा राखूनही काही जनावरे काही काळ सुसह्य जगतात. मात्र वेदना आवरत नसतील, तर वेदनारहित अंताचा निर्णयही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्यावा लागतो. वय वा आजार यांमुळे कामास अयोग्य झालेल्या जनावराला जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. औषधाचे पैसे फिटावेत म्हणून लंगडत्या तट्टाला पुन्हा वरातीत उभे करणे हा मार्ग असू शकत नाही.