६१७४ आणि आपली रोकड वही

हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि वही-पेन घ्या. चार आकडी एक संख्या लिहा, फक्त चारही आकडे सारखे नकोत. मी २४१३ घेते. याच आकड्यांची मोठ्यात मोठी संख्या होते ४३२१ आणि लहानात लहान १२३४. वजा करा, आले ३०८७. त्याचंही तसंच करायचं. ८७३० वजा ०३७८, पुढचं शून्य सोडायचं नाही. आले ८३५२. आणखी एकदा, ८५३२ वजा २३५८. आले ६१७४. पुढं कितीही वेळा करा, ७६४१ वजा १४६७, परत ६१७४च! तुमची संख्या कुठलीही असो, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही इथंच येता.

हे शोधलं ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर गुरुजींनी. जन्म १९०५ चा, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीला त्यांनी १९६२ पर्यंत शाळेत शिकवलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठं जगभर नाव झालं. शाळामास्तर म्हणून आपल्याकडं फारशी दखल घेतली नव्हती, याचं मला वाईट वाटतं.

आता गंमत बघा. ३०८७, ८३५२, ६१७४, कुठल्याही संख्येतले आकडे मिळवा, बेरीज १८ येते. म्हणजे तिन्हींना नवानं भाग जातो. तेच आकडे नुसते इकडचे तिकडं केले आणि वजाबाकी केली, की उत्तर नवाच्या पाढ्यातच येतं.

हेच आपल्या गटात उपयोगी पडतं. समजा, हप्ता आला ३६० चा आणि घाईत लिहिला ६३०. संध्याकाळी रोकड २७० नं कमी. मग सगळ्यांच्या नजरा सचिवताईंकडं वळतात, आणि एकदा संशय आला की गट मोडायला वेळ लागत नाही. खरं तर दहाच्या तीन नोटांच्या जागी शंभराच्या तीन नोटा लिहिल्या गेल्या. एका नोटेमागं ९० चा फरक, तिघींचे २७०.

म्हणून तफावत आली की आधी तिला नवानं भागा. २७० ला भागलं की ३० येतात. मग ज्या रकमेत शतक आणि दशकाच्या आकड्यांत तिनाचं अंतर आहे, ६ आणि ३, ५ आणि २, अशी नोंद पावतीशी ताडून बघा. अर्थात भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली, असं नाही. ५० चे ५०० लिहिले, तर ४५० चा फरक पडतो, त्यालाही नवानं भाग जातो. त्यामुळं जादा शून्यही तपासा. आणि फरक २०० सारखा असेल, नवानं भाग जात नसेल, तर नुसते दोन आकडे उलटे झालेले नाहीत. कुणाचे २०० लिहायचे राहिलेत का, ते बघा.