घोड्याची पंचवीस घरं

कॅरमला दोन किंवा चार जण लागतात, बुद्धिबळाला दोन. मी सांगतोय तो खेळ मात्र एकट्याचा. सामान : जर्नलचं कोरं पान आणि पेन्सिल. वेळ : मेसची रांग पुढे सरकेपर्यंत!

पाच बाय पाच घरांचा चौकोन आखा. कुठल्याही घरात १ लिहा. तिथे बुद्धिबळातला घोडा उभा आहे असं समजा. तो अडीच घरं चालून जिथे पोचेल तिथे २, मग ३... भरलेल्या घरात परत जायचं नाही. २५ पर्यंत पोचलात की जिंकलात.

आमच्या विंगमधले बरेच जण विशीच्या आसपास अडकतात आणि "नशीब यार!" म्हणत पान चुरगाळतात. पण यात नशिबाचा काही संबंध नाही.

घरं आलटून पालटून काळी-पांढरी रंगवा, कोपरे काळे. काळी भरतील १३, पांढरी १२. घोडा प्रत्येक उडीत रंग बदलतो. म्हणजे १, ३, ५ असे सगळे १३ विषम आकडे एकाच रंगावर पडणार. सुरुवात पांढऱ्यावर केली, तर १३ पांढरी घरं लागतील, आणि आहेत १२! तिथून निघालेला कितीही हुशार असला तरी अडकणारच. दोष डोक्याचा नाही, निवडलेल्या घराचा.

हे कोडं जुनं आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने 'काव्यालंकारा'त घोड्याच्या चालीने वाचायचा श्लोक रचला. १७५९ मध्ये ऑयलरने त्यावर गणिती निबंध मांडला. १८२३ मध्ये वॉर्न्सडॉर्फने सोपा नियम दिला : ज्या घरातून पुढे जायच्या वाटा सगळ्यात कमी उरल्यात, तिथे आधी जा.

का? कोपऱ्याला दारं दोनच. शेजारून गेलात आणि आत शिरला नाहीत, तर एकच दार उरतं. मग ते घर शेवटचंच ठरतं. मधल्या घराला आठ दारं, ते थांबू शकतं. कोपऱ्यातून निघून या नियमाने मी भरलेला चौकोन असा :

१ १० २१ १६ ७
२० १५ ८ ११ २२
९ २ २५ ६ १७
१४ १९ ४ २३ १२
३ २४ १३ १८ ५

कोपरे बघा : १, ३, ५, ७. आणि आठ दारांचं मधलं घर सगळ्यात शेवटी. दोन घरांच्या वाटा सारख्या निघाल्या तर मात्र आपणच ठरवायचं. मोठ्या पटावर तिथे हा नियमही कधी कधी फसतो.

सबमिशनच्या आठवड्यात मी हाच नियम वापरतो. जे सर आठवड्यातून एकदाच सही देतात, त्यांचं जर्नल आधी. रोज भेटणारे थांबू शकतात!

आता सहा बाय सहा आखा. तिथे दोन्ही रंगांची घरं १८-१८, म्हणजे रंगाची अडचण नाही. बघा जमतंय का!