पायातलं बळ आणि डाळीचं पाणी

पाणीपुरीवाल्याच्या हातात ग्लव्हज आहेत का, हे आपण बघतो. उसाच्या रसात 'बर्फ नको' असं आवर्जून सांगतो. सोमवारी ऑफिसमधल्या कुणी पोट धरून सिक लीव्ह टाकली की 'वीकएन्डला कुठे जेवला होतास?' हा पहिला प्रश्न. फूड पॉइझनिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एवढंच येतं... उलट्या, जुलाब, इलेक्ट्रॉल आणि दोन दिवस दहीभात. बस्स!

पण खाण्यातून येणारे सगळेच आजार असे घाईत नसतात. एक आजार तीन-चार महिने गप्प बसतो. पोटाला हातही लावत नाही. थेट पायातलं बळ काढून घेतो आणि ते परत देत नाही.

हे मला कळलं माझ्या रूममेटमुळे. ती भंडारा जिल्ह्यातली, साकोलीकडची. होळीनंतर घरून आली की तिच्या बॅगेत तांदूळ असतात आणि एका पिशवीत पिवळसर डाळ. लाखोळी! काहीजण लाखोरी म्हणतात, हिंदीवाले खेसारी. मी सवयीप्रमाणे नेटवर नाव टाकलं, तर पहिल्याच पानावर 'विष', 'बंदी', 'लकवा'. मी स्क्रीन तिच्यासमोर धरली. ती शांतपणे वडे तळत होती. म्हणाली, "आमच्या घरी चार पिढ्या खातायत. तू एकदा आईलाच विचार."

पुढच्या सुट्टीत विचारलं. नागपूरहून साठेक किलोमीटरवर भंडारा. तिथून वैनगंगेचा पूल ओलांडला की साकोलीपर्यंत तळी आणि धानाच्या बांध्या. काकूंनी डाळ गरम पाण्यात भिजत घातली होती. थोड्या वेळाने ते पाणी ओतून दिलं आणि नवं घातलं. "पोरी, लाखोळीचं पानी ठेवाचं नाई. फेकाचं. आन् रोज रोज खाची नाई."

दोन वाक्यं. या विषयावरचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आहे, हे मला नंतर वाचताना कळलं.

धान निघायच्या आधीच पेरणी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात लाखोळी पेरायला वेगळी नांगरणी लागत नाही. धान उभं असतानाच ओल्या बांधीत बी फेकून देतात. धान कापलं की उरलेल्या ओलीवर हे पीक वाढतं. पाणी नको, खत नको, खर्च जवळजवळ शून्य. दुष्काळातही तग धरतं, पाणी साचलं तरी मरत नाही. प्रोटीन भरपूर, शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमच्या वर. कोवळ्या पाल्याची भाजी होते, ती वाळवूनही ठेवतात. उरलेलं गुरांना.

एवढं गुणाचं पीक, मग घोडं अडतं कुठे? या दाण्यात ओडॅप नावाचं एक द्रव्य असतं. १९६४ च्या सुमारास भारतीय शास्त्रज्ञांनीच ते वेगळं काढून ओळखलं. ते मज्जापेशींना इजा करतं. पण कधी? अधूनमधून वडे खाल्ल्याने नाही. महिनोन् महिने पोट भरायला दुसरं काही नसताना जेवणाचा मोठा हिस्सा लाखोळीचाच असेल तेव्हा.

बिनकाठी, एक काठी, दोन काठ्या...

या आजाराचं नाव न्यूरोलॅथिरिझम. डॉक्टर त्याच्या पायऱ्या ज्या शब्दांत सांगतात, ते ऐकून अंगावर काटा येतो. पहिली पायरी 'बिनकाठी': पाय आखडतात, चाल अडखळते. मग 'एक काठी'. मग 'दोन काठ्या'. शेवटची पायरी 'रांगणं'. हात चांगले, डोकं तल्लख, फक्त पाय गेलेले. आणि जास्त करून कमावत्या वयातले तरुण पुरुष. म्हणजे तुमच्या-आमच्याच वयाचे!

ठगांमुळे आपल्याला माहीत असलेला इंग्रज अधिकारी स्लीमन याने सागर भागातली अशीच गोष्ट लिहून ठेवली आहे. १८३० च्या आसपास तिथे लागोपाठ गहू बुडाला, लोकांनी लाखोळीवर दिवस काढले आणि त्यानंतर तरुण माणसांचे पाय जाऊ लागले. रीवा भागात तर मजुरी म्हणूनच मालक लोक लाखोळीमिश्रित धान्य द्यायचे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ मध्ये, युक्रेनमधल्या वाप्नियार्का छळछावणीत ज्यू कैद्यांना हीच डाळ खाऊ घातली गेली आणि शेकडो जण अधू झाले. त्यांच्यातल्याच एका कैद्याने, डॉ. आर्थर केसलर यांनी, कारण ओळखलं.

सागर, रीवा, वाप्नियार्का. तिन्हीकडे डाळ होतीच, पण दुसरं काही निवडायची सोय नव्हती.

बंदीने काय साधलं?

१९६१ मध्ये अन्नभेसळ कायद्याच्या नियमांत लाखोळीच्या विक्रीबंदीची तरतूद आली. ती लागू करणं राज्यांच्या हाती होतं. महाराष्ट्राने ती केली. पण पीक थांबलं का? नाही. शेतकरी पिकवत राहिला, घरी खात राहिला. बाजारात मात्र त्याच्या मालाला नाव उरलं नाही. नाव नसलेल्या मालाचं काय होतं? तो दुसऱ्याच्या नावाने विकला जातो! स्वस्तातली लाखोळी तूरडाळीत आणि बेसनात मिसळली जाऊ लागली. पिकवणाऱ्याला धड भाव नाही आणि खाणाऱ्याला आपण काय खातोय याचा पत्ता नाही.

या बंदीविरुद्ध नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी वर्षानुवर्षं लढले, उपोषणंही केली. २००८ मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली. देशपातळीवरच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र निर्बंधाची तरतूद राहिलीच. २०१६ मध्ये आयसीएमआरच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी ओडॅपच्या वाणांना हिरवा कंदील दाखवला, तेव्हा पुन्हा वाद पेटला.

दरम्यान जमिनीवर काय चाललं होतं? १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग असलेल्या गोंदिया जिल्ह्यातल्या पाच गावांत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी पाहणी केली. ती २०१४ मध्ये छापून आली. एक जुना रुग्ण सोडला तर नवा एकही नाही, आणि लाखोळी खाण्याचं प्रमाणही पूर्वीपेक्षा खूप कमी. मला यातून एकच अर्थ लागतो. पाय वाचवले ते बंदीने कमी आणि ताटात आलेल्या दुसऱ्या पदार्थांनी जास्त.

मग आपलं काय?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे लाखोळी खातो? पण टपरीवरची कांदाभजी कुठल्या बेसनाची आहे, हे सांगता येईल? थोड्या भेसळीने लगेच कुणाचे पाय जाणार नाहीत, घाबरू नका. प्रश्न आपल्याला माहीत असण्याच्या हक्काचा आहे. लाखोळी 'लाखोळी' म्हणून, वाण सांगून, पाकिटावर शिजवायची पद्धत छापून विकली गेली, तर साकोलीच्या शेतकऱ्यालाही दोन पैसे मिळतील आणि आपल्यालाही निवड करता येईल. लपवाछपवी दोघांच्याही मुळावर येते.

अन्नसुरक्षा म्हणजे नुसती चकाचक किचन आणि हेअरनेट नव्हे. ताटात चार वेगवेगळ्या गोष्टी असणं, हीसुद्धा अन्नसुरक्षाच. आणि ती अजून प्रत्येकाच्या वाट्याला आलेली नाही.

एवढं कराच!

• डाळ घेताना मूठभर हातावर पसरून बघा. तूर-हरभऱ्याची डाळ गोलसर असते. लाखोळीची चौकोनी, एका बाजूला उतरती.

• सुटं बेसन टाळा. हरभरा डाळ निवडून गिरणीतून दळून आणा, नाहीतर पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर बघून घ्या.

• लाखोळी खायचीच असेल तर भरपूर गरम पाण्यात भिजवा, पाणी ओतून द्या, पुन्हा करा. ओडॅप पाण्यात विरघळतं, त्यामुळे बरंचसं निघून जातं. सगळं जात नाही. काही जीवनसत्त्वंही वाहून जातात, म्हणून सोबत भाज्या हव्यात.

• रोज तीच डाळ नको. तूर, मूग, मसूर आलटून पालटून.

• भेसळीचा संशय आला तर बिल आणि पाकीट जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. दुकानदाराशी भांडून घरी येण्यापेक्षा ते जास्त कामाचं.