विजेरीचा उजेड कसा मोजावा?

गेल्या रब्बीच्या हंगामात आमच्या काकांच्या शेताला वीज रात्रीची होती. पंप रात्री चालणार, म्हणून गव्हाची दारे धरायलाही रात्रीच जायचे. बांधावर घोणस वेटोळे घालून बसलेली असेल, तर पाय पडण्याआधी ती दिसली पाहिजे. एवढ्यासाठी काकांनी बाजारातून एक नवी, दणकट दिसणारी एलईडी विजेरी आणली. खोक्यावर छापले होते : ‘१०,००० ल्यूमेन, ५ तास.’ पहिल्याच रात्री कळ दाबताच समोरचे लिंबाचे झाड लखलखले. पण दहा मिनिटांत उजेड निम्म्यावर आला आणि दोन तासांनी, ऐन शेताच्या मधोमध, विजेरी विझली. काका चाचपडत घरी आले. सकाळी ते आम्हांला म्हणाले, “तुम्ही पोरं एवढी शिकलात, घेण्याआधी हे कसं ओळखायचं तेवढं सांगा.”

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर माध्यमिक शाळेच्या भौतिकशास्त्रात आहे. ते आपण क्रमाने पाहू.

तीन एकके, तीन अर्थ

विजेरीतून सर्व दिशांना मिळून जेवढा प्रकाश बाहेर पडतो तो ल्यूमेनमध्ये मोजतात. एका विशिष्ट दिशेला प्रकाश किती एकवटला आहे, हे कँडेला सांगते. आणि प्रत्यक्ष जमिनीवर किंवा भिंतीवर किती प्रकाश पडला, हे लक्स सांगते. एक चौरस मीटरवर एक ल्यूमेन सारखा पसरला, तर तेथे एक लक्स प्रकाश असतो.

फवारणीच्या पंपाचे उदाहरण घ्या. तोटी फिरवली की तेच पाणी कधी तुषारांसारखे जवळच पसरते, तर कधी बारीक धार होऊन दूर जाते. पाणी तेवढेच, पण पल्ला निराळा. येथे पाणी म्हणजे ल्यूमेन आणि धारेचा जोर म्हणजे कँडेला. विजेरीतील परावर्तक किंवा भिंग हे तोटीचे काम करते.

कँडेला माहीत असेल, तर व्यस्त वर्गाच्या नियमाने कोणत्याही अंतरावरचे लक्स काढता येतात : कँडेलाला मीटरमधील अंतराच्या वर्गाने भागायचे. अमेरिकेत २००९ साली विजेऱ्यांसाठी ‘एफएल १’ नावाचे मानक ठरवण्यात आले. त्यानुसार ज्या अंतरावर पाव लक्स प्रकाश उरतो, तो विजेरीचा पल्ला. पाव लक्स म्हणजे साधारणपणे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेचे चांदणे. यावरून सोपे सूत्र मिळते : पल्ला = २ × कँडेलाचे वर्गमूळ.

आता दोन विजेऱ्या कल्पा. पहिली १,००० ल्यूमेनची, पसरट झोताची, ४,००० कँडेला. तिचा पल्ला सुमारे १२६ मीटर. दुसरी केवळ ३०० ल्यूमेनची, पण अरुंद झोताची, १०,००० कँडेला. तिचा पल्ला २०० मीटर. म्हणजे ल्यूमेन जास्त असले की उजेड लांब जातोच असे नाही. शिवाय पल्ल्याच्या टोकाला फक्त चांदण्याइतकाच उजेड असतो. ‘काहीतरी हलले’ एवढे कळेल. रानडुक्कर की कुत्रे, हे ओळखायला अंतर निम्मे करावे लागेल. तेथे प्रकाश चौपट, म्हणजे एक लक्स असतो.

सेलमध्ये ऊर्जा किती?

शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली प्रखर निळी एलईडी तयार केली. या कामाबद्दल २०१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना, इसामु आकासाकी यांना व हिरोशी आमानो यांना विभागून मिळाले. आजची पांढरी एलईडी म्हणजे बहुधा पिवळ्या फॉस्फरचा लेप दिलेली निळी एलईडीच असते. विजेरीत ती जोरात चालवली की एका वॅटमागे सुमारे १०० ल्यूमेन मिळतात असे धरू.

आता सेल पाहा. विजेरीत नेहमी आढळणारा ‘१८६५०’ हा लिथियम सेल १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो. सरासरी दाब ३.६ व्होल्ट आणि चांगल्या सेलची क्षमता ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास. म्हणजे ऊर्जा ३.६ × ३.५ = १२.६ वॅट-तास. त्याला १०० ने गुणले की १,२६० ‘ल्यूमेन-तास’ मिळतात. ही सेलची शिल्लक. ती १,००० ल्यूमेनने सव्वा तास खर्च करा, किंवा १०० ल्यूमेनने बारा तास.

काकांच्या विजेरीत असा एकच सेल होता. खोक्यावरचा दावा मात्र १०,००० × ५ = ५०,००० ल्यूमेन-तासांचा. शिलकीच्या जवळजवळ चाळीसपट! १०,००० ल्यूमेनला १०० वॅट लागतील आणि सेल आठ मिनिटांत रिता होईल. त्यातही सुमारे दोन तृतीयांश वॅट उष्णतेत जातील. रेडिओ दुरुस्तीची डाग देण्याची इस्त्री २५ वॅटची असते. तशा अडीच इस्त्र्यांची उष्णता मुठीतल्या नळीत कोंडली तर ती हातात धरवणार नाही. म्हणूनच चांगल्या विजेऱ्याही काही मिनिटांनी आपला उजेड आपोआप कमी करतात. ही फसवणूक नव्हे, गरज आहे. फसवणूक असते ती फक्त पहिल्या क्षणाचा आकडा छापण्यात. वरील मानकात उजेड कळ दाबल्यानंतर निदान ३० सेकंदांनी मोजतात. मात्र त्यातही ‘चालण्याचा वेळ’ उजेड मूळच्या एक दशांशावर येईपर्यंतचा धरतात, हे ध्यानात ठेवावे.

मेणबत्तीने विजेरी मोजा

शाळेत हे सारे मोजता येते. पांढऱ्या कागदाच्या मध्यावर गोडेतेलाचा थेंब जिरवा आणि तो कागद पुठ्ठ्याच्या चौकटीत उभा बसवा. अंधार पडल्यावर लांब व्हरांड्यात किंवा मैदानावर कागदापासून ३० मीटरवर विजेरी स्टुलावर ठेवा आणि झोताचा मध्य कागदावर येऊ द्या. दुसऱ्या बाजूला मेणबत्ती ठेवा. वाऱ्यासाठी तिला खोक्याचा आडोसा करावा, कागदाकडची बाजू मोकळी ठेवावी.

मेणबत्तीच्या बाजूने पाहताना तेलाचा डाग उजळ दिसला, तर विजेरीचा प्रकाश जास्त आहे; काळपट दिसला, तर मेणबत्तीचा. मेणबत्ती मागेपुढे सरकवून डाग जवळजवळ नाहीसा होईल अशी जागा शोधा. तेथे दोन्ही प्रकाश सारखे असतात. मेणबत्ती पिवळसर व एलईडी निळसर असल्यामुळे डाग पूर्ण पुसला जात नाही. म्हणून चार-पाच विद्यार्थ्यांची निरीक्षणे घेऊन सरासरी काढावी. सर्वांनी कागदाकडेच पाहावे. झोतात डोळे घालून विजेरीकडे कोणीही पाहू नये.

समजा, मेणबत्ती ३० सेंटिमीटरवर असताना डाग मावळला. अंतरांचे गुणोत्तर १००. मेणबत्ती साधारण एक कँडेलाची असते, म्हणून विजेरी १०० च्या वर्गाइतकी, म्हणजे १०,००० कँडेलाची. मेणबत्तीचा पल्ला २ मीटर, तर विजेरीचा त्याच्या १०० पट, २०० मीटर. गुणोत्तराची दुप्पट केली की पल्ला थेट मिळतो.

हीच मोजणी विजेरी लावल्यानंतर अर्ध्या मिनिटाने, पाच, दहा व तीस मिनिटांनी करा आणि आलेख काढा. झोताचा आकार बदलत नसल्याने कँडेला ज्या प्रमाणात घटतील, त्याच प्रमाणात ल्यूमेनही घटलेले असतात. खोक्यावर न छापलेली गोष्ट हा आलेख सांगतो.

काकांना आम्ही दिलेले उत्तर थोडक्यात असे : ल्यूमेनला तासांनी गुणा, सेलच्या संख्येने भागा, उत्तर दीड हजाराच्या फार पुढे गेले, तर खोके खाली ठेवा. पायाखालचे पाहायला १०० ल्यूमेनचा पसरट झोत पुरतो आणि तो एका चांगल्या सेलवर रात्रभर टिकतो. सध्या ते तशीच एक साधी विजेरी वापरतात. तिच्या उजेडात लिंबाचे झाड उजळत नाही. बांध मात्र पहाटेपर्यंत दिसतो.