वाफेवर थंड होणारं इंजिन

वाङ्मय मंडळाच्या अंकात विमानाच्या इंजिनावर लेख कशाला, असं कुणी विचारेल. मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि ही गोष्ट मला विज्ञानाइतकीच माणसांच्या हट्टाची वाटते. म्हणून इथे सांगतो.

पहिलं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली तरी ब्रिटनची लढाऊ विमानं बायप्लेनच होती. बायप्लेन म्हणजे एकावर एक दोन पंखांचं विमान. आज ते जुनाट दिसतं, पण त्यामागे हिशोब होता. दोन पंख, मधले खांब आणि ताणलेल्या तारा मिळून जणू एक पेटी तयार होते. ती हलकी असते आणि मजबूतही. पंखांचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे विमान चटकन वळतं आणि कमी वेगात अलगद उतरतं. तेव्हाची मैदानं गवताची आणि लहान, म्हणून हे महत्त्वाचं. तोटा खांबांचा आणि तारांचा. ते हवेला अडतात, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की विरोध चौपट!

अशा वेळी ब्रिटिश हवाई मंत्रालयाने नव्या लढाऊ विमानाची मागणी काढली. तिचा क्रमांक एफ.७/३०. दोनऐवजी चार मशिनगन हव्यात, वेग वाढायला हवा, पण उतरण्याचा वेग कमीच हवा. शिवाय रोल्स-रॉइसच्या गॉसहॉक इंजिनाला पसंती राहील, असं कंपन्यांना कळून चुकलं होतं.

गॉसहॉकमागची कल्पना मात्र खरोखर सुंदर होती. नेहमीच्या इंजिनात गरम पाणी रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं, पण तो रेडिएटर हवेला अडतो. आता हे आकडे बघा. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी पुरते. उकळत्या एक किलो पाण्याची पूर्ण वाफ करायला मात्र सुमारे ५४० लागतात. म्हणजे थोडंसं पाणी वाफ होता होता भरपूर उष्णता घेऊन जातं. गॉसहॉकमध्ये पाणी दाबाखाली ठेवलेलं असे, आपल्या कुकरसारखं. बाहेर पडून दाब उतरला की त्याची वाफ व्हायची. ती पंखांतल्या कंडेन्सरमध्ये गार होऊन पुन्हा पाणी व्हायची आणि पंप ते पाणी इंजिनाकडे परत पाठवायचा.

कागदावर सगळं जमलं. पण परत येणारं पाणी उकळण्याच्या बेतात असतं. पंपाने ते ओढलं की दाब कमी होतो आणि पाण्याची तिथेच वाफ होते. मग पंप काय ओढणार? त्यात पंखभर पसरलेला कंडेन्सर, म्हणजे शत्रूच्या गोळीला आयतं निशाण.

तरी कंपन्यांनी जीव तोडून प्रयत्न केले. वेस्टलँडने इंजिन पायलटच्या पाठीमागे ठेवलं आणि लांब दांड्याने पुढचा प्रोपेलर फिरवला. पायलटला समोरचं छान दिसायचं, पण वेग जेमतेम ताशी ३०० किलोमीटर. ब्लॅकबर्नचं विमान जमिनीवरच्या चाचण्यांत अडकलं, ते कधी उडलंच नाही. सुपरमरीनच्या रेजिनाल्ड मिचेलने एकाच पंखाचं टाइप २२४ बनवलं. तेही गॉसहॉकवरच, आणि तेही निराशाजनक.

जिंकलं कोण? ग्लॉस्टर कंपनीच्या हेन्री फोलँडने हातात असलेलंच गाँटलेट हे बायप्लेन सुधारलं. त्याला हवेवर थंड होणारं ब्रिस्टल मर्क्युरी इंजिन बसवलं. ना पाणी, ना पंप, ना कंडेन्सर. हे विमान १९३४ मध्ये उडालं आणि चाचण्यांत ताशी सुमारे ३९० किलोमीटरपर्यंत पोहोचलं. हेच पुढे ग्लॅडिएटर झालं.

इथे 'साधेपणाचा विजय' म्हणून थांबता आलं असतं. पण ग्लॅडिएटर १९३७ च्या सुरुवातीला हवाई दलात आलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एकाच पंखाचं, कितीतरी वेगवान हरिकेनही आलं. ग्लॅडिएटर हे त्या दलाचं शेवटचं लढाऊ बायप्लेन ठरलं. जिंकलेलं विमान येता येताच मागे पडलं होतं.

हरलेल्या मिचेलचं काय झालं? त्याने पंख पातळ केला आणि चाकं आत घेतली. वाफेचा नाद सुटला. नव्या मर्लिन इंजिनाला थंड करायला ग्लायकॉल आलं. ते पाण्यापेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला उकळतं, म्हणून रेडिएटर लहान चालतो. ५ मार्च १९३६ ला उडालेलं ते विमान म्हणजे स्पिटफायर.

म्हणून मला एफ.७/३० चा निकाल अर्धाच वाटतो. कोणतं विमान विकत घ्यायचं, एवढंच त्या स्पर्धेने ठरवलं. पुढची वाट कुठली, हे पडलेल्या विमानांच्या चाचण्यांनी शिकवलं. आपल्या प्रयोगवहीत अपेक्षेपेक्षा वेगळा आकडा आला की तो खोडून 'बरोबर' आकडा लिहायचा मोह होतो ना? तेव्हा टाइप २२४ आठवून बघा.