किल्लारीची माळवदं का कोसळली?

परवा नव्या किल्लारीत गेलो होतो. रुंद रस्ते, लिंबाची सावली, शांत दुपार. एका घराच्या भिंतीत दरवाजावर काँक्रीटचा सलग पट्टा दिसला अन् इंजिनिअर म्हणून तिथंच थबकलो.

30 सप्टेंबर 1993. पहाटे 4 च्या सुमारास झालेल्या भूकंपात जुन्या गावातली माळवदं, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं, बसली. भिंती जाडजूड, पण दगड मातीत रचलेले. आतला-बाहेरचा थर सांधणारे आरपार दगडच नसायचे. हादऱ्यानं थर सुटले आणि छतावरची फूट-दीड फूट माती खाली आली. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती!

नव्या घरातला तो काँक्रीटचा पट्टा मात्र चारही भिंती एकत्र धरतो.

भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादची 52 गावं नव्या जागी वसली. अनेकांची शेतं मात्र लांब पडली, हे मला आजही खटकतं.

तुमच्याकडं माळवद आहे? पावसाळ्याआधी जुना थर न काढता नवी माती टाकू नका. शंका असल्यास जरूर विचारा.